तीन कॉटची खोली आणि मास्तरच्या नोट्स

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या नैराश्याचं, पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेल्या नवी पेठेतल्या एका खोलीतलं आहे. काळ ऑक्टोबर 2022 ते मे 2023. खोलीत तीन कॉट, एक पत्र्याचं कपाट, खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले टॉवेल आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. ज्याच्याविषयी लिहितोय त्याला आम्ही मास्तर म्हणायचो, कारण अर्थशास्त्र तो अख्ख्या अभ्यासिकेला फुकट शिकवायचा. इथेही मास्तरच म्हणतो. दुसऱ्या कॉटवर मी. तिसऱ्यावर पोलीस भरतीची तयारी करणारा सोलापूरकडचा एक पोरगा, तो पैलवान. ओळख पटेल असे तपशील बदललेत. हे सगळं मास्तरने वाचलंय, दोन ठिकाणी खोडलंय आणि एका ठिकाणी स्वतःचं एक वाक्य घातलंय.

मास्तर मराठवाड्यातला. घरी चार एकर कोरडवाहू, वडील, आई, लग्न झालेली मोठी बहीण. घरून येणाऱ्या पैशांत कॉट, मेस, अभ्यासिकेची फी आणि चहा एवढं बसवायचं, आणि त्याचा हिशोब तो एका छोट्या वहीत पेन्सिलीने लिहायचा. मार्च 2021 मध्ये 14 तारखेची एमपीएससीची (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची) राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलल्याचं तीनच दिवस आधी कळलं आणि पोरं शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. तेव्हा घोषणांच्या मधल्या वेळात हा शेजारच्याला रेपो दर समजावून सांगत होता. ती परीक्षा नंतर 21 मार्चला झाली. असा हा माणूस. 21 ऑगस्ट 2022 ची पूर्व हा त्याचा चौथा अटेम्प्ट होता आणि निकालात त्याचं नाव नव्हतं.

त्याच्या आजाराची सुरुवात मात्र निकालाच्या आधीपासूनच झाली होती, हे आता मागे वळून बघताना कळतं. दिवाळीला तो घरी गेला नाही. दाढी वाढवली. मेसवर जायचं सोडलं, आम्ही डबा आणून ठेवला तर संध्याकाळी तो तसाच. पहाटे साडेतीनला उठून बसायचा. बोलणं कमी झालं. अभ्यासिकेत मात्र रोज जायचा, आपल्या खुर्चीवर बसायचा. एकदा मी मागून डोकावलो तर समोर उघडं होतं ते पान मी दोन दिवसांपूर्वीही पाहिलेलं होतं.

आता गंमत बघा. हीच लक्षणं एखाद्या नोकरदाराच्या घरात दिसली असती तर आईने विचारलं असतं, काय होतंय तुला. आमच्या पेठेत मात्र दिवाळीला घरी न जाणं, पहाटे उठणं, कुणाशी न बोलणं, दाढी न करणं या सगळ्याला मान आहे. पैलवान मला टोमणा मारायचा, 'बघ, मास्तर साडेतीनला उठतोय, आणि तू घोरतोयस.' मलाही लाज वाटायची. झोप पहाटे फार लवकर मोडणं आणि परत न लागणं हे नैराश्याच्या आजारात नेहमी आढळणारं लक्षण आहे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी गजर चारचा लावला.

डिसेंबरात एका दुपारी त्याने मला त्याच्या अर्थशास्त्राच्या नोट्स दिल्या. दोन जाड वह्या, पुठ्ठ्याला ब्राउन पेपर, आकृत्या तीन रंगांत, समासात प्रत्येक मुद्दा कोणत्या वर्षी विचारला गेला ते पेन्सिलीने लिहिलेलं. त्या वह्यांची झेरॉक्स मिळावी म्हणून लोक त्याच्या मागे लागायचे आणि तो वह्या खोलीबाहेर जाऊ द्यायचा नाही. म्हणाला, 'तुला राहू दे, मला आता लागत नाहीत.' मी घेतल्या. आनंदाने घेतल्या, त्याला चहा पाजला. जिवापाड जपलेल्या वस्तू माणूस वाटून टाकायला लागला की सावध व्हायचं असतं. मी त्या रात्री पहिलं प्रकरण वाचून काढलं.

मदत म्हणून आम्ही जे काही केलं ते लिहायला हवं, कारण केलं भरपूर. 'टेन्शन घेऊ नकोस' रोज म्हटलं. झोपडीतून कलेक्टर झालेल्यांचे व्हिडिओ पाठवले. नंतर एकदा त्याने सांगितलं की असा प्रत्येक व्हिडिओ बघून त्याला एवढंच वाटायचं, यांच्यापेक्षा आपली परिस्थिती बरी होती, तरी जमलं नाही. एका रविवारी आम्ही त्याला सिंहगडावर ओढून नेलं. पिठलं-भाकरी समोर आली, त्याने दोन घास खाल्ले, फोटोत हसला. तो फोटो ग्रुपवर टाकून मी खाली लिहिलं, 'मास्तर इज बॅक'. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. आता बघितला की मला फक्त त्याच्या ताटातली भाकरी दिसते.

जानेवारीत एका रात्री गच्चीवर तो म्हणाला, 'मी नसतो तर घरच्यांचा एवढा खर्च तरी वाचला असता.' मी म्हणालो, 'येड्यासारखं बोलू नकोस,' आणि विषय मेन्सवर, म्हणजे मुख्य परीक्षेवर नेला. खाली उतरताना जिन्यात त्याने मला थांबवलं. 'हे कुणाला सांगू नको. शपथ घे.' मी घेतली. या पूर्ण प्रकरणात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती. व्हिडिओ पाठवणं हा नुसता बावळटपणा होता. शपथ घेतल्यावर मात्र त्याचं ओझं माझ्या एकट्यावर आलं, आणि ते पेलायची माझी तयारी काहीच नव्हती. पुढचे नऊ दिवस मी झोपलो नाही. तो कूस वळला तरी डोळे उघडायचो. बाथरूममध्ये गेला की मनातल्या मनात आकडे मोजायचो.

दहाव्या दिवशी अभ्यासिकेतल्या एका ताईने मला पायऱ्यांवर गाठलं. तिने एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलेलं, वयाने आमच्याहून मोठी. 'तुझे डोळे बघ आरशात. झालंय काय?' मी नाव न घेता सांगितलं. तिला नाव कळायला वेळ लागला नाही. तिने एकच विचारलं, 'तू त्याला सरळ विचारलंस का, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून?' मी हादरलो. म्हटलं, ताई, असं विचारून त्याच्या डोक्यात नसलेलं भरायचं का? ती म्हणाली, 'नसेल तर नाही म्हणेल. असेल तर दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलेलं असेल.' तिचं बरोबर होतं. विचारल्याने विचार पेरला जातो ही समजूत सगळीकडे आहे, पण अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही.

त्या रात्री पैलवान गावी गेलेला. मी दिवा घालवला, कारण तोंडाकडे बघून मला जमलं नसतं. अंधारात म्हणालो, 'मास्तर, एक विचारतो. जीव द्यायचे विचार येतात का तुला?' खाली कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक, किक, किक. ती सुरू होऊन निघून गेल्यावर तो म्हणाला, 'येतात.'

पुढे काय विचारायचं ते ताईने सांगून ठेवलं होतं: रोज येतात का, काही ठरवलंय का. रोज येत होते. ठरवायच्या जवळ आला होता. मला घाम फुटला आणि त्याच वेळी डोक्यात आला तो चालू घडामोडींच्या वहीतला एक मुद्दा. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, सुरुवात 10 ऑक्टोबर 2022, जागतिक मानसिक आरोग्य दिन, मुख्य समन्वय बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे, क्रमांक 14416. तीन महिन्यांपूर्वी मी तो परीक्षेत येईल म्हणून पाठ केला होता. लावला. चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आधी माझ्याशी आणि मग बराच वेळ त्याच्याशी बोलून घेतलं. फोन ठेवताना मला तीन गोष्टी सांगितल्या: आज रात्री त्याला एकटं सोडू नका, धोक्याचं काही हाताशी ठेवू नका, उद्या सकाळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मी शपथेचं विचारलं. त्या म्हणाल्या की मित्राशी बोलूनच घरी सांगा, पण सांगा.

सकाळी पैलवान परतला आणि त्याला कळल्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया काय असावी? 'अरे, कलम 309! आत्महत्येच्या प्रयत्नाची पोलीस केस होईल, नोकरीच्या व्हेरिफिकेशनला अडकेल तो.' पांघरुणातून मास्तरचा आवाज आला. दोन दिवसांत त्याने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. 'मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 115. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात. शिक्षा नाही, उलट उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. आणि मी प्रयत्न केलेलाही नाही.' अंमल कधीपासून, असं पैलवानने विचारलं. '29 मे 2018.' आम्ही तिघेही हसलो. विचित्र हसू होतं ते. (पुढे 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिताच गेली आणि तिच्याबरोबर हे 309 ही गेलं. नव्या संहितेत एक कलम उरलंय, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं. आमच्यासारख्यांच्या खोल्यांत भीती मात्र जुन्याच कलमाची आहे.)

ओपीडीत काय झालं ते थोडक्यात. केसपेपर, रांग, तीन तास. आपला नंबर येईपर्यंत माणूस 'जाऊ दे, बरं वाटतंय' म्हणून उठून जातो, आणि मास्तर दोनदा उठला. त्या तीन तासांत माझं काम फक्त बाकावर बसणं आणि पारले-जी आणणं एवढंच होतं, आणि अख्ख्या प्रकरणात मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम बहुतेक तेच. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे. मी सांगितलं. भूक? मी सांगितलं. कधीपासून? तेही मीच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'यांना बोलू द्या.' मास्तरने घातलेलं वाक्य या जागी आहे. तो लिहितो: 'तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पेशंट मी आहे.'

मग नऊ प्रश्नांचा एक कागद आला. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण, एकूण 27. दवाखान्यांत सर्रास वापरतात ती प्रश्नावली. मास्तरने विचारलं, 'निगेटिव्ह मार्किंग नाही ना?' डॉक्टरही हसले. त्याला 19 पडले. दहा किंवा जास्त पडले की ते मनावर घ्यायचं असतं. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांच्याच. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतील, आधी मळमळ आणि अस्वस्थपणा येईल, सुरुवातीच्या दिवसांत जास्त लक्ष ठेवा, मनाने बंद करू नका. हे सगळं डॉक्टरांनी आठ मिनिटांत सांगितलं. कमी वाटतील, पण बाहेरची रांग आम्ही पाहिली होती.

घरी सांगायचा वाद दोन दिवस चालला. मी शेवटी म्हणालो, 'शपथ मी मोडतोय. तुझ्यासमोर मोडतोय, पाठीमागे नाही. शब्द तू सांग, फोन मी लावतो.' आधी बहिणीला लावला, कारण वडिलांपेक्षा ती सोपी. ती रडली आणि लगेच विचारलं, 'जेवला का तो?' वडील दुसऱ्या दिवशी एसटीने आले, पिशवीत आईने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'खरं सांग बाबा, पोरीचं काही आहे का?' नाही म्हटल्यावर म्हणाले, मग कुणाची नजर. काका चुकत होते, पण त्यांच्याशी वाद घालणं हा माझा पराक्रम ठरला नसता. ताईने सांगितलं तसं म्हणालो, 'काका, देवाचंही करू, पण गोळी चुकवायची नाही.' त्यांनी नारळ फोडला आणि गोळ्यांची पाकिटं स्वतःच्या पिशवीत ठेवली. आठ दिवस ते आमच्या खोलीत खाली सतरंजीवर झोपले. रोज संध्याकाळी मास्तरला घेऊन ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत जायचे आणि परत. दोघं काही बोलत नसत. पैलवान म्हणायचा, यांचंच औषध लागू पडणार बघ.

मग काका गेले आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली.

फेब्रुवारीत पुण्यात पुन्हा आंदोलन पेटलं, राज्यसेवा मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धत (सविस्तर उत्तरं लिहायची) 2025 पासून लागू करा म्हणून. अख्खी पेठ रस्त्यावर, आयोगाने मागणी मान्य केल्यावर गुलाल. मी दोन्ही दिवस खोलीत बसून, मास्तर झोपलाय म्हणून पंखा कमी ठेवून. माझी एमपीएससीचीच संयुक्त पूर्व परीक्षा 30 एप्रिलला. वाचन शून्य. त्यातच कुणीतरी त्याला सांगितलं की या गोळ्यांची सवय लागते, आणि त्याने दोन दिवस गोळी घेतली नाही. त्याला चक्कर यायला लागली तेव्हा मला कळलं, आणि मी फुटलो. 'तुझ्यापायी माझं वर्ष गेलं. तुला बरं व्हायचंय का नाही?' खोलीभर शांतता. तो काही बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून पडला. मला अजून तो आडवा पाठमोरा आकार दिसतो.

सोबत करणाऱ्याच्या रागाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितोय. राग आला, कारण दीड महिना मी एकटा पहारेकरी झालो होतो. त्याचा मोबाइल लपून बघायचो. बाहेर गेला तर दहा मिनिटांनी फोन. त्याला मित्र हवा होता आणि घरात वॉर्डन आला होता. डॉक्टरांशी बोलल्यावर दोन गोष्टी कळल्या. या प्रकारच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण अचानक बंद केल्या की चक्कर, चिडचिड असा त्रास होतो. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवाव्या लागतात. दुसरी गोष्ट माझ्याबद्दलची. त्यांनी विचारलं, 'खोलीचं भाडं तुम्ही एकटे भरता का?'

मेसच्या बिलासारखी मग आम्ही वाटणी केली. मास्तरला समोर बसवून, त्याच्याच हिशोबाच्या वहीत, पेन्सिलीने. पहाटे साडेपाचला पैलवान मैदानावर पळायला जायचा, तो मास्तरला घेऊन जाणार. मास्तरने पळायचं नाही, स्टॉपवॉच धरायचं. रात्री जेवण माझ्यासोबत, अकरापर्यंत मी, त्यानंतर मी झोपणार. रविवारी बहिणीचा फोन. ओपीडीची तारीख ताईकडे. गोळीचं मास्तर स्वतः बघणार, आम्ही विचारणार नाही, घेतल्यावर तो कॅलेंडरवर टिंब काढणार. आणि विचार पुन्हा तसे आले तर तो सांगणार, कुणालाही, कितीही वाजता. शेवटची ओळ त्याने सांगितलेली: 'आज जमणार नाही असं कुणीही म्हणू शकतो, मीसुद्धा.' मी ती ओळ पहिल्यांदा वापरली तेव्हा अपराधी वाटलं. तिसऱ्यांदा वापरली तेव्हा तो म्हणाला, 'बरं,' आणि पैलवानबरोबर चहाला गेला.

पैलवानाचं स्टॉपवॉच कामाला आलं असं माझं मत आहे. मास्तर सोळाशे मीटरच्या वेळा वहीत लिहू लागला, मग त्यांची सरासरी काढू लागला, मग पैलवानाला सांगू लागला की तिसऱ्या फेरीत तू ढिला पडतोस. शिकवायला लागला म्हणजे सुधारतोय हे आम्हाला डॉक्टरांच्या आधी कळलं. एप्रिलमध्ये त्या कागदावर त्याला 8 पडले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये झालं. त्यानुसार प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. आमच्या अभ्यासिकेत 120 खुर्च्या. देशाचीच सरासरी लावली तरी बारा-तेरा जण. मी कधीकधी दाराशी उभा राहून मोजायचो, कोण असतील.

4 जूनच्या राज्यसेवा पूर्वला मास्तर बसला नाही. मे महिन्यातच कॉट सोडून गावी गेला. मी त्याला अडवलं होतं, फॉर्म भरलाय तर बस म्हटलं होतं. ताई म्हणाली, ते त्याचं तो ठरवेल. अजूनही त्या निर्णयाबद्दल माझं मत पक्कं नाही. आता तो तालुक्याच्या गावी एका क्लासमध्ये शिकवतो. 2024 च्या पावसाळ्यात आजार पुन्हा डोकावला. तेव्हा त्याने आधी डॉक्टरांना फोन केला आणि मग आम्हाला, म्हणजे क्रम बरोबर होता. गोळ्या पुन्हा काही महिने चालल्या. पैलवान भरती झाला. मी तिसऱ्या प्रयत्नात क्लार्क.

मागच्या महिन्यात मास्तरचा फोन आला. क्लासच्या पोरांना शिकवायला त्या दोन वह्या हव्या होत्या. मी कुरिअरने पाठवल्या. चार दिवसांनी त्याने एका पानाचा फोटो पाठवला, मागणी-पुरवठ्याच्या आकृतीखाली मी निळ्या बॉलपेनने ओढलेली जाड रेघ, आणि खाली मेसेज: 'अरे, नोट्सवर पेन कोण चालवतं?'